४० वॉटचा संसार

१९८१ च्या ऑक्टोबरात रोमानियाच्या सरकारने एक हुकूम काढला. कुटुंबाला महिनाभर पुरेल त्याहून जास्त तेल, साखर, पीठ, तांदूळ किंवा कॉफी घरात साठवणे हा गुन्हा ठरला. शिक्षा ६ महिने ते ५ वर्षे तुरुंगवास. साठेबाज आणि नफेखोर यांच्याविरुद्ध हे पाऊल आहे, असे सांगण्यात आले. पण ऑक्टोबर हा तिथल्या बायकांचा बेगमीचा महिना. वांगी आणि लाल मिरच्या भाजून, तेलात परतून त्यांची ‘झाकुस्का’ बरण्यांत भरायची, आलुबुखार तासन्‌तास आटवून मुरंबा करायचा, कोबीचे अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात मुरत घालायचे. बर्फाचे चार महिने त्यावर काढायचे. ज्या बाईच्या बाल्कनीत कोबीचे पिंप आणि शेजारी साखरेचे पोते असेल, ती आता कायद्याच्या भाषेत साठेबाज झाली.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर पावावर रेशन आले. माणसाने आपल्या राहत्या गावातच पाव घ्यायचा, शेजारच्या शहरात जाऊन नाही. प्रमाण जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे होते. पुष्कळ ठिकाणी माणशी दिवसाला ३०० ग्रॅम पाव, महिन्याला साधारण किलोभर साखर, त्याहून कमी तेल, दहाएक अंडी. मांस आले तर आले. लगेच पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, सरकारने ‘शास्त्रीय आहारा’चा कार्यक्रम जाहीर केला. रोमानियन माणूस फार खातो, त्यामुळे लठ्ठ होतो आणि आजारी पडतो, असे त्यात सप्रमाण मांडले होते. यूलियान मिंकू या डॉक्टरांचे नाव या कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले. प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० ते २,८०० उष्मांक पुरेत, असा हिशेब होता. तक्ते छापले गेले, मांस किती, दूध किती, भाजी किती. तक्त्यातले पदार्थ दुकानात मात्र नव्हते. उपाशी माणसाला तू जास्त खातोस असे सांगायला डॉक्टर लागतो, एवढे त्या राजवटीने बरोबर ओळखले होते.

हा देश मुळात दरिद्री नव्हता, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. डॅन्यूबच्या काठची सुपीक जमीन, प्लोयेश्तचे तेल, कार्पेथियनमधली जंगले, खनिजे. निकोलाय चाउशेस्कू १९६५ मध्ये पक्षाचा प्रमुख झाला तेव्हा लोकांना तो बरा वाटला होता, हेही विसरून चालत नाही. २१ ऑगस्ट १९६८ ला, सोविएत रणगाडे प्रागमध्ये शिरले त्याच दिवशी, त्याने बुखारेस्टच्या चौकात उभे राहून त्या आक्रमणाचा जाहीर निषेध केला. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट नेत्याने असे बोलणे म्हणजे धाडसच. त्या भारावलेल्या दिवसांत कितीतरी तरुण लेखक पक्षात गेले. पॉल गोमा त्यांतलाच एक. पुढे हाच गोमा राजवटीचा सर्वांत बोलका टीकाकार झाला आणि १९७७ मध्ये त्याला देश सोडावा लागला. पाश्चात्त्य देशांनाही चाउशेस्कू आवडला. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला येऊन गेले. १९७२ मध्ये रोमानिया आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सदस्य झाला आणि कर्जाची दारे उघडली.

त्या पैशातून जे उभे राहिले ते खोटे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर रोमानियाची जेमतेम एकचतुर्थांश प्रजा शहरात राहत होती. १९८० च्या दशकात ती निम्म्याच्या वर गेली. मातीच्या भुईवर जन्मलेली माणसे आठव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. तिथे नळ होता, न्हाणीघर होते, वाफेने तापणारे रेडिएटर होते. लाकडे फोडायला नको, विहिरीवर जायला नको. या पिढीच्या आठवणींत १९७० च्या आसपासची वर्षे आजही चांगली म्हणून येतात, आणि त्यांना खोटे ठरवायचे कारण नाही.

मेख अशी की या घरात चूल नव्हती. उष्णता शहराच्या केंद्रातून नळीने यायची, गॅस नळीने यायचा, अन्न सरकारी दुकानातून यायचे आणि पगार सरकारी कारखान्यातून. आणि यातली एकही तोटी राहणाऱ्याच्या हातात नव्हती.

१९७० च्या दशकाच्या शेवटी सगळे एकदम अंगावर आले. देशाच्या स्वतःच्या तेलाला पेलणार नाहीत इतके अवाढव्य शुद्धीकरण कारखाने बांधून झाले होते. बाहेरचे कच्चे तेल त्यांत ओतायचे आणि पेट्रोल विकून डॉलर मिळवायचे, असा बेत होता. मार्च १९७७ च्या भूकंपात दीड हजारांवर माणसे गेली आणि बुखारेस्टचे काळीज हलले. १९७९ च्या इराणी क्रांतीने स्वस्त तेल बंद केले. पाठोपाठ जगभर व्याजदर चढले. १९८१ पर्यंत परकीय कर्ज १० अब्ज डॉलरच्या वर गेले. पोलंड त्याच वेळी बँकांच्या दारात उभा होता आणि तिथे ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेने सत्तेला घाम फोडला होता. चाउशेस्कूने त्यातून स्वतःचा धडा घेतला. कर्जदार राज्य हे परावलंबी राज्य, तेव्हा सगळे कर्ज मुदतीआधी, पै न्‌ पै फेडायचे. मांस, धान्य, लोणी, पेट्रोल, सिमेंट, जे विकता येईल ते बाहेर गेले. औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग आणणे बंद झाले. १९८९ च्या एप्रिलमध्ये कर्ज फिटल्याची घोषणा झाली. रेशन मात्र त्यानंतरही सैल झाले नाही.

म्हणजे १९८० चे दशक हे रोमानियावर कोसळलेले संकट नव्हते. ते ठरवून आणले होते. हुकूमशहाची दुष्टाई, बायकोची हाव, राजवाड्यातले सोन्याचे नळ यांच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या जातात, पण त्या मला या एका कोरड्या निर्णयापुढे गौण वाटतात. एका माणसाने हिशेब मांडला आणि २ कोटी ३० लाख माणसांच्या ताटातून तो वळता केला.

त्या ताटात काय उरले, याला लोकांनी नावे ठेवली. डुकराचे मांस निर्यात व्हायचे, खुरांचे पाय तेवढे दुकानात यायचे. त्यांना ‘आदिदास’ म्हणत. कोंबडीच्या माना, पंजे आणि डोकी यांची पिशवी म्हणजे ‘काटे-चमचे’. दोन हडकुळ्या कोंबड्या एकत्र बांधून आल्या की त्यांना एका लोकप्रिय लोकगायक जोडीवरून ‘पेत्रेउश बंधू’ म्हणायचे. खऱ्या कॉफीत जव, चणे आणि कशाकशाची भेसळ करून जे विकले जाई ते ‘नेकेझोल’. रोमानियनमधल्या घोड्याच्या खिंकाळण्याच्या शब्दावरून केलेले नाव, कारण ते प्यायल्यावर माणूस खिंकाळतो म्हणे. सलामीत सोया असे. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून व्हिएतनामहून आलेल्या कोळंबीच्या पापडांची पाकिटे ओळीने मांडलेली असत. अनेकांना त्या दशकाचे पहिले चित्र म्हणून हे पापडच आठवतात.

रांग पहाटे चारला लागायची, कधी आदल्या रात्रीच. आधी रांगेत शिरायचे आणि मग पुढच्याला विचारायचे की आज काय देणार आहेत. विकणार आहेत असे कोणी म्हणत नसे. माणूस नसेल तर त्याच्या जागी पिशवी, रिकामी बाटली, दगड. ती जागा सगळे मानायचे. रिकामी जाळीची पिशवी खिशात ठेवल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. यातून घराचा कारभारच बदलला. नवरा-बायको दोघेही कारखान्यात, तेव्हा निवृत्त आजी-आजोबा हे घरातली सर्वांत मोलाची माणसे ठरली. आजोबा दुधाच्या रांगेत, आजी अंड्यांच्या, शाळेतून आलेले पोर मध्ये जाऊन त्यांना मोकळे करणार. पक्षाच्या पुस्तकांत नव्या समाजवादी कुटुंबाची जी चित्रे होती त्यांत आजीला फारसे स्थान नव्हते. प्रत्यक्षात ते कुटुंब आजीच्या पायांवर उभे होते.

आणि गावावर. शहरात येऊन वीस वर्षे झालेली माणसे पुन्हा गावाकडे धावू लागली. गावी आई असेल, मावशी असेल, चुलता असेल, तर शनिवार-रविवारी आगगाडीने जायचे आणि बटाटे, चरबी, अंडी, घरगुती दारू घेऊन परतायचे. गावावरही सरकारी वसुलीचा बोजा होताच, पण परसात लपवता येण्यासारखे काहीतरी असे. नाताळाच्या आधी २० डिसेंबरला, इग्नातच्या दिवशी, डुक्कर कापायची जुनी चाल. शहरातल्या माणसांनी ती सोडली नाही. गावाहून जिवंत डुक्कर आणून इमारतीच्या पुढ्यातल्या सिमेंटवर कापले जाई. समाजशास्त्रज्ञांना यात खेड्याचे शहरीकरण दिसो की शहराचे खेडे होणे, गृहिणीला त्यात फेब्रुवारीपर्यंतची तरतूद दिसत होती.

ज्याला गाव नाही त्याला ओळखी हव्यात. रोमानियन कम्युनिस्ट पक्षाच्या तीन आद्याक्षरांची फोड लोक वशिला, ओळखी, नातीगोती अशी करायचे. चलन लेउ होते, पण कामे व्हायची ती ‘केंट’ सिगारेटच्या पाकिटावर. दुसरी कुठली सिगारेट चालत नसे. ही पाकिटे सहसा कोणी फोडत नसे. डॉक्टरकडून नळदुरुस्तीवाल्याकडे, त्याच्याकडून खाटकाकडे, तिथून शाळेतल्या बाईंकडे अशी ती फिरत राहायची. डॉलर जवळ बाळगणे हा गुन्हा होता, म्हणून हे चलन. खाटकाच्या दुकानात फळीखाली जपून ठेवलेला मांसाचा तुकडा ज्याला मिळे त्याची समाजातली पत प्राध्यापकाहून जास्त. इतक्या वर्षांच्या समतेच्या शिकवणीनंतर ही अशी नवी उतरंड तयार झाली आणि तिच्या टोकाला सरकारी दुकानातला काउंटरवाला बसला.

ऑक्टोबर १९८५ मध्ये वीजक्षेत्रात आणीबाणी जाहीर झाली आणि वीजकेंद्रांवर लष्करी अधिकारी नेमले गेले. त्याआधीच खोलीत एक ४० वॉटचा दिवा हा रिवाज झाला होता. फ्रिज आणि व्हॅक्यूम क्लीनर शक्यतो वापरू नका, असा सल्ला मिळे. रस्त्यावरचे दिवे बंद. घरे आणि कचेऱ्या १४ अंशांच्या वर तापवायच्या नाहीत असा नियम होता, पुढे १२. प्रत्यक्षात बाहेर उणे १५ असताना रेडिएटर हाताला थंड लागायचा. गॅसचा दाब दिवसा इतका कमी की पाणी उकळत नसे. मध्यरात्रीनंतर सगळे झोपले की ज्योत वर यायची, म्हणून बायका रात्री दोनला उठून स्वयंपाक करायच्या आणि सकाळी सहाला कामावर जायच्या. शाळेत मुले कोट आणि हातमोजे घालून बसत. हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवणाऱ्याला शेजारी ओरडतो, बंद कर, रस्त्यावरून जाणाऱ्यांना सर्दी होईल! हा विनोद तेव्हा देशभर फिरला. गावात आजीकडे लाकडाची शेगडी तरी पेटत होती. आठव्या मजल्यावर काय पेटवणार?

मोटारीला महिन्याला काही ठरावीक लिटर पेट्रोल, आणि रविवारी एका आठवड्यात सम क्रमांकाच्या, तर पुढच्या आठवड्यात विषम क्रमांकाच्या गाड्या. १९८५ पासून दूरदर्शनची एकच वाहिनी उरली, कामाच्या दिवशी रात्री ८ ते १०. त्यातही बराचसा वेळ चाउशेस्कू दांपत्याचा. बायको एलेना हिला ‘जगद्विख्यात शास्त्रज्ञ’ म्हणायची सक्ती होती. बुखारेस्टच्या लोकांनी मग गच्चीवरचे अँटेना दक्षिणेकडे वळवले आणि बल्गेरियन शिकून घेतली. पश्चिमेकडच्यांना युगोस्लाव्ह आणि हंगेरियन वाहिन्या दिसायच्या. चोरट्या मार्गाने व्हिडिओ कॅसेट आल्या. व्हीसीआरची किंमत जवळजवळ मोटारीइतकी, तेव्हा ज्याच्याकडे तो असे त्याच्या घरी वीस-पंचवीस माणसे पैसे देऊन रात्रभर बसायची. हे सिनेमे बहुतेक एकाच बाईच्या आवाजात ऐकू येत. नायक, खलनायक, म्हातारी, मूल, सगळ्यांचे संवाद तीच बोलायची. तिचे नाव इरिना नीस्तोर. ती सरकारी दूरदर्शनमध्येच भाषांतराचे काम करत होती आणि बाहेर गुपचूप हजारो चित्रपटांना आवाज देत होती. तिचा चेहरा कोणाला माहीत नव्हता, आवाज सगळ्या देशाला.

पोट आणि उजेड यांच्या मोजमापाबद्दल इतके लिहिले, पण राजवटीचे सर्वांत जुने आणि सर्वांत क्रूर मोजमाप स्त्रीच्या शरीराचे होते. ते टंचाईच्या पंधरा वर्षे आधीच सुरू झाले होते.

ऑक्टोबर १९६६ चा हुकूम क्रमांक ७७०. तोवर रोमानियात गर्भपात कायदेशीर आणि स्वस्त होता, आणि दुसरी साधने मिळत नसल्याने कुटुंबनियोजनाचा तोच मुख्य उपाय होता. लोकसंख्या पुरेशी वाढत नाही, कामगार कमी पडतील, म्हणून तो एका रात्रीत बंद झाला. सवलत फक्त ४५ वर्षांवरच्या, ४ मुले असलेल्या, बलात्काराला बळी पडलेल्या किंवा जिवाला धोका असलेल्या स्त्रियांना. १९६६ मध्ये २ लाख ७३ हजार बाळे जन्मली होती, १९६७ मध्ये ५ लाख २७ हजार. प्रसूतिगृहांत एका खाटेवर दोन-दोन बायका. सहा-सात वर्षांनी पहिलीचे वर्ग ओसंडले, शाळा दोन-तीन पाळ्यांत भरू लागल्या. या मुलांना लोक ‘देक्रेत्सेइ’ म्हणत, म्हणजे हुकमाची पोरे.

याच काळात आपल्याकडे राज्यसत्तेचा हात बरोबर उलट्या दिशेने त्याच ठिकाणी पोचला होता. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. एकीकडे मूल नको म्हणून सक्ती, दुसरीकडे हवे म्हणून. आपल्याकडे वर्षभरात निवडणूक झाली आणि लोकांनी उत्तर दिले. रोमानियात तेवीस वर्षे कोणी विचारले नाही.

हुकमाचा पहिला धक्का लवकरच ओसरला. बायकांनी वाटा शोधल्या. १९८३ पर्यंत जन्मदर पुन्हा हुकमाआधीच्या पातळीवर, हजारी १४.३ वर आला. तेव्हा पकड आवळली गेली. कारखान्यांत ठरावीक काळाने स्त्रियांची तपासणी होऊ लागली. गर्भ राहिला असेल तर नोंद होई आणि तो नऊ महिने टिकतो की नाही यावर नजर राही. पंचविशी उलटलेल्या अविवाहित किंवा निपुत्रिक माणसाच्या पगारातून कर कापला जाई. मूल होत नाही म्हणून दवाखान्यांचे उंबरे झिजवणाऱ्या जोडप्यालाही तो चुकत नसे. गर्भनिरोधक गोळ्या हंगेरी-युगोस्लाव्हियातून चोरून यायच्या आणि केंटपेक्षा महाग पडायच्या. बाकीच्यांसाठी स्वयंपाकघरातले टेबल, सुई, रबराची नळी, लिंबाचे पाणी, ओळखीची सुईण. रक्तस्राव होऊन कोणी रुग्णालयात आली तर तिथे सरकारी वकील किंवा मिलिशियाचा, म्हणजे पोलीस दलाचा, माणूस हजर असे, आणि कोणी केले त्याचे नाव सांगितल्याशिवाय डॉक्टरांना हात लावता येत नसे. पुष्कळ जणींनी नाव सांगितले नाही. या तेवीस वर्षांत अशा गर्भपातांमुळे सुमारे १० हजार स्त्रिया दगावल्या, असा अंदाज आहे. १९८९ मध्ये रोमानियातला मातामृत्यूचा दर युरोपात सर्वाधिक होता, १ लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १७०, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू गर्भपाताचे.

आणि ज्यांना जन्म दिला पण वाढवता आले नाही अशी मुले सरकारी अनाथगृहांत गेली. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. राज्याला मूल हवे होते, तेव्हा राज्याने सांभाळावे, असा सरळ हिशेब कित्येकांनी केला. राजवट पडल्यावर तिथे पोचलेल्या छायाचित्रकारांनी जे जगाला दाखवले, त्यात लाखभराहून अधिक मुलांचे बालपण होते. क्रिस्तियान मुंजिउ या दिग्दर्शकाचा जन्म १९६८ चा, म्हणजे तोही हुकमाच्या पोरांपैकीच. १९८७ मधल्या एका चोरट्या गर्भपातावरचा त्याचा ‘४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस’ हा चित्रपट २००७ मध्ये कानच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. त्यात चाउशेस्कूचे नाव कोणी घेत नाही. घ्यायची गरजही पडत नाही.

सेक्युरिताते, म्हणजे गुप्त पोलीस, यांच्याबद्दल भीतीच्या कथा पुष्कळ आहेत. मला त्यांची कारकुनी जास्त बोलकी वाटते. १९८३ च्या मार्चमधला हुकूम क्रमांक ९८ टंकलेखन यंत्रांसाठी होता. यंत्र घ्यायला मिलिशियाची परवानगी लागे, आणि दरवर्षी त्याच्या सगळ्या अक्षरांचा नमुना कागदावर उमटवून चौकीत जमा करावा लागे, म्हणजे कुठे पत्रक सापडले तर यंत्र ओळखता येईल. परदेशी माणसाशी बोलणे झाले तर २४ तासांत कळवावे लागे.

१९८१ च्या शरद ऋतूत बोतोशान या उत्तरेकडच्या शहरात भिंतींवर आणि कुंपणांवर खडूने लिहिलेली वाक्ये दिसू लागली. अक्षरे मोठी, छापील वळणाची. अन्नाच्या रांगांबद्दल, पोलंडमधल्या कामगारांबद्दल, स्वातंत्र्याबद्दल. सेक्युरितातेने शहरातल्या हजारो हस्ताक्षरांचे नमुने तपासले आणि रात्रीचे पहारे लावले. सापडला तो मुगुर कालिनेस्कू, १६ वर्षांचा शाळकरी मुलगा. चौकशा झाल्या, घरी आणि शाळेत त्याच्यावर पाळत बसली, ओळखीच्यांनी पाठ फिरवली. १९८५ मध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला, वय १९. त्याच्या फाइलीवरून पुढे नाटक झाले आणि २०२० मध्ये रादू जुदे याने चित्रपट केला. त्या फाइलीत आईच्या घरातली बोलणीही उतरवलेली आहेत. ज्या शहरात पाव मोजून मिळत होता तिथे एका पोराच्या खडूसाठी एवढी माणसे, एवढा कागद आणि एवढे तास मात्र उपलब्ध होते.

माणसांचाही भाव होता. ट्रान्सिल्व्हेनिया आणि बनातमधल्या जर्मनभाषकांना देश सोडू देण्यासाठी पश्चिम जर्मनी डोईमागे पैसे मोजत असे. शिक्षण जितके जास्त तितका दर जास्त. १९६७ ते १९८९ या काळात २ लाखांहून अधिक माणसे अशी गेली. आठशे वर्षांची खेडी ओस पडली. पुढे नोबेल मिळालेली हेर्टा म्युलर ही त्याच समाजातली. कारखान्यात भाषांतरकाराचे काम करताना तिने खबरी व्हायला नकार दिला, नोकरी गमावली आणि १९८७ मध्ये देश सोडला.

बुखारेस्टमध्ये उरानुस नावाची टेकडीवरची जुनी वस्ती होती. भूकंपाचे निमित्त करून ती पाडली आणि तिथे १९८४ पासून जगातल्या सर्वांत मोठ्या इमारतींपैकी एक उभी राहू लागली. सुमारे ४० हजार माणसे घराबाहेर निघाली. येउजेन योर्दाकेस्कू या अभियंत्याने काही चर्च पाडण्यापासून वाचवली ती पायापासून कापून, रुळांवर चढवून, सरकवून. मिहाई वोदाचे सोळाव्या शतकातले चर्च असे २८९ मीटर सरकले आणि नव्या इमारतींच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही असे जाऊन बसले. १९८८ मध्ये १३ हजार खेड्यांपैकी सात-आठ हजार मिटवून शेतकऱ्यांना सिमेंटच्या इमारतींत आणायची योजना पुढे आली. ती पुरी झाली असती तर आजीची शेगडीही गेली असती.

स्फोट झाला तो कामगारांतून, ज्यांच्या नावाने हे सगळे चालले होते. रविवार, १५ नोव्हेंबर १९८७. ब्राशोवमध्ये स्थानिक निवडणुकीचे मतदान होते. ‘लाल बावटा’ या ट्रक कारखान्यात पगारकपातीमुळे रात्रपाळीने काम थांबवले आणि सकाळी माणसे शहराकडे निघाली. वाटेत त्यांनी एक जुने क्रांतिगीत म्हटले. पक्षाच्या कचेरीत शिरल्यावर त्यांना निवडणुकीच्या मेजवानीची तयारी दिसली. गेल्या कित्येक वर्षांत दुकानात न दिसलेले खाद्यपदार्थ टेबलांवर मांडलेले होते. फायली, खुर्च्या, चाउशेस्कूच्या तसबिरी खिडक्यांतून खाली आल्या. सुमारे ३०० जणांना पकडले, ६१ जणांवर खटला चालला आणि त्यांना दूरच्या गावांत पाठवून दिले. सरकारी भाषेत ही गुंडगिरी ठरली.

शेवटच्या वर्षी सरकारने ६ कोटी टन धान्य पिकल्याचे जाहीर केले. खरे पीक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते. खालचा अधिकारी वरच्याला वाढवून सांगायचा, तो त्याच्या वरच्याला आणखी वाढवून. दिव्याचे वॉट, पावाचे ग्रॅम, बायकांचे दिवस, यंत्राची अक्षरे मोजणाऱ्या या राज्याला आपल्या कोठारात किती आहे हे मात्र कळत नव्हते. २१ डिसेंबर १९८९ ला, तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा चाउशेस्कू बुखारेस्टच्या त्याच, १९६८ च्या चौकात बाल्कनीत उभा राहिला. खाली आरडाओरडा सुरू झाल्यावर त्याने आकडे सांगितले. किमान पगार २,००० वरून २,२०० लेउ, मुलांच्या भत्त्यात थोडीशी वाढ. गर्दी शांत झाली नाही. त्या चौकात जी वीस-बावीस वर्षांची पोरे होती त्यांतली बरीच १९६७ ची होती. चौथ्या दिवशी, नाताळाला, नवरा-बायकोला तिर्गोविश्तेच्या छावणीत तडकाफडकी खटला चालवून गोळ्या घातल्या गेल्या.

दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, नव्या सत्तेने पहिला कायदा केला तो जुने कायदे रद्द करणारा. त्या एकाच यादीत गर्भपातबंदी होती, टंकलेखन यंत्रांचा हुकूम होता, खेड्यांच्या फेरआखणीचा कायदा होता आणि शास्त्रीय आहाराचा कार्यक्रमही होता. १९९० मध्ये रोमानियात ३ लाख १४ हजार बाळे जन्मली आणि जवळजवळ १० लाख गर्भपात झाले, त्याच साध्या सरकारी रुग्णालयांत. मातामृत्यूचा दर एका वर्षात निम्म्यावर आला.